पूर्वीचा ओटा राहिला नाही

मुकुल जाऊन तीन वर्षं झाली होती, पण मिठावरून त्याचं भांडण अजून चालू होतं.

चालवत होती नीला, त्याची बायको. बोरिवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून, मुकुलच्याच फोनवरून. समोर होते घाटकोपरचे भाऊराव. म्हणजे समोर नाहीच, 'ओट्या'वर. ओटा ही मराठीतून गप्पा मारायची वेबसाइट, मुलुंडच्या नंदकिशोरने २००६ साली काढलेली. एकाने विषय टाकायचा, त्याला धागा म्हणायचं, आणि बाकीच्यांनी तो धागा पार उसवून टाकायचा. भरात होता तेव्हा ओट्याचे अकरा हजार सदस्य होते. २००९ साली मुकुलने 'शिळ्या पोळीचा कुस्करा' असा साधा पाककृतीचा धागा टाकला. भाऊरावांनी लिहिलं, हे ज्वारीच्या भाकरीचंच करतात, पोळीचं करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. तिथून जे लागलं ते लागलं, आणि भाकरीवरून मिठावर गेलं. बारा वर्षांत दोघं एकदाही भेटले नाहीत, आणि एक दिवस बोलल्याशिवाय राहिले नाहीत.

मुकुल गेला त्याच्या दहाव्या दिवशी त्याचा फोन टुणकन वाजला. भाऊरावांचा प्रतिसाद होता. "काय रे बोरिवलीकर, गप्प का? हरलास?"

घरात पाहुणे होते. कुणीतरी केळीची पानं कुठे ठेवलीत म्हणून विचारत होतं. नीलाला एवढंच वाटलं, की मुकुल हरला असं कुणी म्हणता कामा नये. तिनं लिहून टाकलं, "हरतोय कसला! कामात होतो. असो."

मग दुसऱ्या दिवशी त्यावर उत्तर आलं. आता त्याला उत्तर नको द्यायला?

अशी तीन वर्षं गेली. ओट्यावर कुणालाच कळलं नाही, की मुकुल नाही. नीला त्याचेच जुने विनोद काढायची, जरा पुसून परत मांडायची. लोक हसायचे. घरातून मुकुलचे कपडे गेले, चष्मा गेला, स्कूटर गेली. ओट्यावर मात्र लोक त्याला रोज हाक मारत होते, आणि तो रोज ओ देत होता.

तिचं स्वतःचं नाव तिथे कधीच नव्हतं. ओट्याचा नियम होता, नवा माणूस घ्यायचा तर जुन्या सदस्याने 'ओळखतो' असं बटण दाबायचं. नीलाने किती वेळा मागितलं असेल. मुकुल म्हणायचा, "घरात एक पुरे. नीले, तू तिकडे आलीस तर मी पळू कुठे?"

आता ते मिठाचं. महिनाभर एक विचित्र गोष्ट होत होती. नीलाने कुस्कऱ्याच्या धाग्यावर 'मीठ चवीनुसार' लिहिलं, की दुपारपर्यंत ते बदललेलं असायचं. 'मीठ एक चिमूट. जास्त नको.' खाली बारीक अक्षरात: 'संपादन: मुकुल, दुपारी १२.००.' तिनं ते परत 'चवीनुसार' करावं, दुसऱ्या दिवशी बाराला परत चिमूट. तिला वाटलं, हा नंदकिशोरचा आगाऊपणा. मालकाला सगळे अधिकार असतात. एकदा तर फोन ओढणीत गुंडाळून कपाटात होता, ती आमटी ढवळत होती, आणि टॅबवर नुसत्या वाचायला उघडलेल्या ओट्यावर मुकुलच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. सदस्य आत्ता बसलेला आहे, असा त्याचा अर्थ. भर दुपारचे बारा. खाली सोसायटीत चिटपाखरू नाही. ठिपका चार मिनिटं राहिला आणि गेला. आमटी मात्र लागली बुडाला.

"नेटवर्कचा घोळ," ती स्वतःशी म्हणाली. मुंबईत कशालाही हे उत्तर चालतं.

मग नंदकिशोरने धागा टाकला: 'ओटा शिळा झालाय का?'

हा धागा काही नवा नव्हता. दर वर्षी यायचा. खरं सांगायचं तर ओटा सुरू झाला एका सोमवारी, आणि त्याच गुरुवारी भाऊरावांनी लिहिलं होतं, "पूर्वीचा ओटा राहिला नाही." पण या वेळी नंदकिशोर गंभीर होता. त्यानं लिहिलं:

"मंडळी, तेच लोक, तेच वाद, तेच विनोद. मला तर आता प्रतिसाद यायच्या आधीच पाठ असतो. अठरा वर्षं झाली. मी एकसष्टचा झालो. रविवारी दुपारी बारापर्यंत मतदान ठेवतोय. 'नाही, शिळा झालेला नाही' अशी पन्नास मतं पडली तर चालू ठेवतो. नाही पडली तर त्याच मिनिटाला बंद, सगळं पुसून टाकणार. रविवारी सकाळी अकराला माझ्या घरी बैठक. या."

नीलाने धागा तीन वेळा वाचला. मग मुकुलच्या नावानं 'नाही'वर मत टाकलं. आकडा झाला: एक.

बंगलोरहून गार्गीचा, लेकीचा, फोन आला. नीलाने तिला सगळं सांगितलं, म्हणजे स्वतः लिहिते ते सोडून सगळं.

"अगं आई, मग काय झालं? बाबांचं सगळं डाउनलोड करून देते ना तुला. चौदा हजार प्रतिसाद, एका पेनड्राइव्हमध्ये मावतील."

"आणि त्याला उत्तर कोण देणार?"

"कशाला उत्तर?"

"असो," नीला म्हणाली.

शनिवारी रात्रीपर्यंत 'नाही'वर आठ मतं होती. 'हो'वर एकही नाही. लोक भरभरून लिहीत होते, की ओटा बंद करू नका, ओटा म्हणजे आमचा श्वास. पण लिहिणारे तेच आठ. आणि रविवारच्या बैठकीला यायचं म्हटलं तर एकेकाची कारणं सुरू. भाऊरावांनी लिहिलं, "गुडघा." अंधेरीच्या माधुरीने, जिच्या कवितांना सगळे 'वा!' म्हणायचे, लिहिलं, "गुडघा." मुकुलनेही गुडघाच लिहिला असता, पण नीलाला वाटलं फार होईल. तिनं दात लिहिला. "मी येत नाही, पण मिसेसना पाठवतो," असं खाली जोडलं.

तासाभरात सगळ्यांनी तेच जोडलं. सुनेला पाठवतो. बहिणीला पाठवते. जावई येतील.

रविवारी नीला दोन बस बदलून मुलुंडला पोचली. पिशवीत डबा होता. भाऊरावांच्या सुनेच्या हाती कुस्करा पाठवायचा, पोळीचा, मुद्दाम. नंदकिशोरच्या घरी सतरंजी अंथरलेली. एका टेबलावर कॉम्प्युटर, त्याचा पडदा भिंतीकडच्या मोठ्या टीव्हीला जोडलेला, म्हणजे मतांचा आकडा सगळ्यांना दिसावा. टीव्हीवर मोठ्या अक्षरात: आठ. कोपऱ्यात: 'ओट्यावर आत्ता बसलेले सदस्य: ९.'

"या वहिनी!" नंदकिशोर म्हणाला. टक्कल पडलेला, गोल, सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. "मुकुलशेठ नाहीच आले ना? दात?"

"दात."

"अठरा वर्षांत माणूस एकदा दिसला नाही. बघा, म्हणूनच शिळं होतं सगळं."

आठ जण जमले होते. नीलाच्या शेजारी एक पस्तिशीची बाई बसली, कुरळे केस, खांद्याला लॅपटॉपची बॅग. "नमस्कार काकू. मी शीतल. भाऊरावांची सून, घाटकोपरहून."

"अगंबाई, तूच का! तुझ्या सासऱ्यांनी नुसता छळ मांडलाय हं आमच्याकडे."

"आणि तुमच्या मिस्टरांनी? परवा काय लिहिलं त्यांनी, भाकरीचा कुस्करा म्हणजे घशाला पॉलिश पेपर? मी एवढी तडकले ना!" शीतल थबकली. "म्हणजे, बाबा तडकले."

"मग त्यांनी लिहिलं ना, पोळी म्हणजे पुठ्ठा. आम्ही रात्रभर... हे रात्रभर जागे."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि हसू जरा जास्तच वेळ टिकवत राहिल्या. पलीकडे माधुरीची धाकटी बहीण गंधाली सांगत होती, की ताई घरीच असते, ताईला माणसं आवडत नाहीत. कांजूरमार्गचा कुणाचा तरी जावई मान हलवत होता, आमचे सासरेही अगदी तसेच.

साडेअकराला नंदकिशोरने घसा साफ केला. "मंडळी, आठवर आकडा अडकलाय. मला वाटतं आपण एक करू. मतदाराचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकू. प्रत्येकाने आपापल्या माणसाला फोन लावा. स्पीकरवर. भाऊराव काय म्हणतात, मुकुल काय म्हणतो. गुडघा दुखला म्हणून आवाज दुखत नाही ना?"

जो तो आपली पिशवी चाचपायला लागला.

"लावा की. शीतल, तू लाव."

शीतलने फोन हातात घेतला. उलटा केला. परत सुलटा केला. पंखा कुरकुरत होता, खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी गेली.

"रेंज नाहीये इथे," गंधाली म्हणाली.

"माझ्या घरात? पाच दांड्या आहेत, यार! वहिनी, तुम्ही तरी लावा."

मुकुलचा फोन नीलाच्याच पर्समध्ये होता. लावला असता तर तिच्याच मांडीवर वाजला असता.

"आमचे बाबा वारले," शीतल एकदम म्हणाली. "दोन वर्षं झाली. सॉरी. मीच लिहिते. ते हॉस्पिटलमध्ये होते ना, शेवटी, तेव्हा फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, त्या बोरिवलीवाल्याला उत्तर दे, त्याला वाट बघायला लावू नकोस. मी दिलं. आणि मग मुकुलकाका रोजच विचारायला लागले, आज कसं वाटतंय, आज काय खाल्लं. कसं सांगणार होते मी त्यांना? ते एवढे म्हातारे, त्यांना धक्का बसला असता तर?"

नीलाने मनात हिशोब केला. दोन वर्षांपूर्वी. म्हणजे तेव्हा मुकुल जाऊन वर्ष झालं होतं. म्हणजे भाऊराव शेवटचं वर्ष भांडले ते तिच्याशी. आणि नंतर ती भांडली ती या कुरळ्या केसांच्या पोरीशी.

"नसता बसला," ती कशीबशी म्हणाली. "मुकुल तीन वर्षांपूर्वीच गेला. मी लिहिते."

मग गंधाली. माधुरीताई जाऊन चार वर्षं. मग मालाडचे एक काका, मग कांजूरमार्गचा जावई, मग उरलेले तिघं. कबुल्या अशा भराभर पडत होत्या, की जणू हळदीकुंकवाचं वाण लुटतायत. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकटेच खोटे, बाकीचा ओटा खरा.

नंदकिशोर स्टुलावर बसला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "म्हणजे मी गेली तीन-चार वर्षं कुणाशी बोलतोय? परवा मी माधुरीबाईंना कवितेवर एवढा मोठा प्रतिसाद दिला."

"मिळाला," गंधाली खाली बघत म्हणाली. "छान होता."

"आणि म्हणून सगळं शिळं लागत होतं! तुम्ही जुनंच काढून गरम करत होतात!" तो हसायला लागला, मग हसू गिळलं. "बास. माझ्यापुरता प्रश्न सुटला. आता सगळ्यांनी आपापल्या माणसाच्या नावातून बाहेर पडा. नीट. मग बाराला मी बंद करतो. निदान शेवट तरी खरा होऊ दे."

नीलाने पर्समधून फोन काढला. मुकुलचं नाव, शेजारी हिरवा ठिपका. 'बाहेर पडा' हे शब्द तीन वर्षं रोज दिसले होते, कधी बोट गेलं नव्हतं. "भावजी, पुसू नका ना," ती म्हणाली. "नुसतं बंद करा, पण पुसू नका. तो दुसरीकडे कुठेच नाहीये हो."

"वहिनी, जो आहे तो तुम्हीच आहात."

तिनं बोट टेकवलं. टीव्हीवर आकडा हलला. नवाचे आठ, सात, पाच. शीतलने डोळे मिटून दाबलं. शेवटी नंदकिशोर स्वतः बाहेर पडला. 'ओट्यावर आत्ता बसलेले सदस्य: ०.' अठरा वर्षांत हे शून्य कुणी बघितलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला एक मिनिट कमी होतं. कुणीतरी उगाच डबा उघडला. नीलाचा कुस्करा हातोहात फिरला. शीतलने घास घेतला आणि म्हणाली, "काकू, मस्त झालाय. पण खारट आहे हं जरा."

बारा वाजले.

'ओट्यावर आत्ता बसलेले सदस्य: १.'

"कोण ते? कुणाचं राहिलं?" नंदकिशोर ओरडला. सगळ्यांनी फोन वर धरले, सगळे फोन बाहेर. आकडा दोन झाला. सात. एकोणीस. हिरवे ठिपके टीव्हीवर शेवाळासारखे पसरत गेले. ज्यांची नावं नंदकिशोरही विसरला होता, अशी नावं. पंखा चालू होता, पण खोलीत हवा हलत नव्हती. आणि धाग्याखाली प्रतिसाद उमटायला लागले. टाइप करताना येतात तसे नाही. पाण्यातून वर यावेत तसे.

भाऊराव: गेली का सगळी?

मुकुल: गेली. मुलुंडला बसलीत. माझा कुस्करा खातायत.

माधुरी: हळू बोला, वाचत असतील.

भाऊराव: वाचू देत. आपण नाही वाचलं इतकी वर्षं? काय ते लिखाण! पूर्वीचा ओटा राहिला नाही.

माधुरी: माझ्याच कविता गंधाली ओळी खालीवर करून टाकते. आणि तुम्ही सगळे 'वा!' म्हणता.

मुकुल: आम्ही नाही म्हणत हो, आमच्या नावानं म्हणतात.

गंधालीने तोंडावर पदर धरला. कांजूरमार्गचा जावई दाराकडे सरकत होता, पण मान टीव्हीकडेच.

मुकुल: भाऊराव, सून तुमच्यापेक्षा बरी भांडते हं. पुठ्ठा म्हणाली पोळीला. मजा आली.

भाऊराव: तुझी बायको भांडत नाही. दर वेळी ऐन रंगात 'असो' म्हणते आणि सोडून देते. तू जन्मात कधी 'असो' म्हणालास? मला पहिल्याच दिवशी कळलं.

नीला उठून उभी राहिली. टीव्हीच्या इतकी जवळ गेली, की अक्षरं फुटून ठिपके दिसायला लागले.

मुकुल: कळलं, तर बोलला का नाहीत?

भाऊराव: बाईमाणूस दहाव्या दिवशी मला म्हणते, हरतोय कसला. म्हटलं, चालू दे. तिचा दिवस जातोय. माझाही गेला.

शीतलने नीलाचा हात धरला. कुणाचा हात गार होता ते दोघींना कळेना.

"बंद करा," मालाडचे काका पुटपुटले. "नंदकिशोर, बटण दाबा. बारा वाजून गेले."

नंदकिशोरने पासवर्ड टाकला. ओट्याने त्याला उत्तर दिलं: 'आपण वाचनमात्र आहात.' म्हणजे वाचा, बोलू नका. हे वाक्य त्यानंच २००६ साली भांडखोरांसाठी लिहून ठेवलं होतं.

"अरे, मी मालक आहे!" तो टीव्हीला म्हणाला. "मी जिवंत आहे!"

"म्हणूनच असेल," शीतल म्हणाली.

आणि मग मतदान हललं. ओट्यावर एक जुनी खोड होती. मतदानात कुणालाही आपला तिसरा पर्याय घालता यायचा. लोकशाही म्हणून नंदकिशोरने ती सोय ठेवली होती आणि त्यामुळे एक मतदान धड पार पडलं नव्हतं. 'चहा की कॉफी'मध्ये 'ताक' निवडून आलं होतं. आत्ताही 'हो' आणि 'नाही' यांच्याखाली एक ओळ उगवली: 'शिळा झाला आहे. बंद करू नका. घरच्यांना उठवा.'

त्यापुढचा आकडा बघता बघता एक्कावन्न झाला.

घरचे स्वतःच उठले. कुणी चपला शोधल्या, कुणी दुसऱ्याच्याच घालून गेलं. नीला सगळ्यात शेवटी निघाली. दारातून तिनं वळून बघितलं तेव्हा मुकुल आणि भाऊराव मिठावर आले होते. मुकुल असं काहीतरी लिहीत होता, जे तिनं कधीच वाचलेलं नव्हतं. नवीन. तिला हसू आलं. तीन वर्षं तिला भीती होती, की हे बंद झालं तर तो बोलायचा थांबेल. तो बोलत होता. तिच्याशिवाय बोलत होता.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, टॅब उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं ओट्याच्या सदस्यत्वाचा अर्ज भरला. नाव: नीला. गाव: बोरिवली. ओळख देणारा सदस्य: मुकुल.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता उत्तर आलं.

'मुकुल: ओळखतो. आपला अर्ज मंजूर आहे. आपण प्रतीक्षा यादीत आहात. आपला क्रमांक: ४.'

नीला दचकली. चार? एवढ्या लवकर? खाली यादी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या नावाची माणसं तिला ठाऊक नव्हती. पहिलं नाव होतं: नंदकिशोर, मुलुंड.

त्यानं कधी अर्ज केला असेल? तिनं फोन लावला.

"बोला वहिनी! अहो, झोप नाही रात्रभर. काय बघितलं आपण!"

"भावजी, तुम्ही कुठला अर्ज भरलात का?"

"मी कशाला भरू? माझीच साइट आहे, होती. थांबा हां जरा." तो कण्हला. "सकाळपासून डावा खांदा धरलाय. गॅस असेल. कालचा तुमचा कुस्करा, दुसरं काय!"

"भावजी, आत्ताच्या आत्ता रिक्षा करा आणि डॉक्टरकडे जा."

"अहो, गॅस..."

"जाताय की मी मुलुंडला येऊ?" नीला इतक्या जोरात ओरडली, की स्वतःच घाबरली. 'असो' म्हणाली नाही.

तो गेला. त्यांनी त्याला ठेवून घेतला आणि संध्याकाळी हृदयात कसलीशी नळी घातली. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं. शीतलने रात्री हे सगळं फोनवर सांगितलं. नीलाने कळवल्यावर तीच धावली होती, घाटकोपरहून मुलुंड जवळ. बोलता बोलता म्हणाली, "काकू, मिठाचं तुमचं पटतं मला, पण पुठ्ठा तो पुठ्ठाच." बराच वेळ भांडल्या दोघी, आपापल्या नावानं.

मंगळवारी बाराला यादी उघडली. नंदकिशोर सतराव्या नंबरवर गेला होता. आणि नीला तिसरी झाली होती.

ती खुर्चीत बसून राहिली. खाली सोसायटीत चिटपाखरू नव्हतं. गॅसवर आमटी उकळत होती. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी फ्रीजवर होती, गेल्या महिन्यापासून अर्धी तशीच. आठवण कोण करणार? ते काम मुकुलचं होतं. तिनं कुस्कऱ्याचा धागा वर नेला. संपादन: मुकुल. संपादन: मुकुल. संपादन: मुकुल. महिनाभर, रोज भर दुपारी, एकच ओळ. मीठ एक चिमूट. जास्त नको.

आणि ती महिनाभर रोज ते पुसून 'चवीनुसार' करत होती.

"अरे, मग सरळ सांगायचं ना!" ती रिकाम्या घराला म्हणाली. उत्तर आलं नाही. ती वाचनमात्र होती. पण मुकुलच्या नावापुढचा हिरवा ठिपका चार मिनिटं झाली तरी गेला नाही.

नीला उठली. गोळी घेतली. मिठाची बरणी उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही अशी ठेवली. मग आमटी वाटीत वाढून घेतली आणि टॅबसमोर येऊन बसली. मुकुल भाऊरावांना भाकरीवरून काहीतरी भयंकर बोलत होता. तिनं चमचा तोंडाला लावला. अगदीच बेचव झाली होती.

तिनं यादी परत उघडली. क्रमांक: ५.

मग वाटी संपवली आणि आणखी एक डाव वाढून घेतली.